रजिस्टरातले बारा सेकंद

माझ्या गाण्याच्या क्लासच्या रजिस्टरात हजेरीनंतर शेवटच्या रकान्यात आकडे असतात. नवे पालक विचारतात, हे मार्क का? मार्क नव्हेत ते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी प्रत्येकाला एका दमात खडा सा लावायला सांगते, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघते आणि आकडा मांडते. आठ-नऊ वर्षांची पोरं सात-आठ सेकंदांवर संपतात. विशारदला बसलेल्या मुली वीस-बावीसपर्यंत जातात. शेवटच्या पानावर माझंही नाव आहे. दुसऱ्याचा दम मोजायचा तर आधी स्वतःचा मोजावा, ही आमच्या गुरुजींची शिकवण.

२०२२ च्या जुलैत माझ्या नावापुढे २४ आहे. डिसेंबरात १७. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा २१. आणि १४ जुलै २०२३ या तारखेपुढे १२. ही तारीख पहिल्या शनिवारची नाही. त्या दिवशी मी मुद्दाम मोजलं होतं.

मिरजेत वाढलेल्या माणसाला दवाखान्याचं अप्रूप नसतं. आमच्या गावात एकीकडे तंबोरे-सतारी बनवणारे बसतात आणि उरलेलं गाव दवाखान्यांनी भरलेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये डाव्या स्तनात गाठ लागली तेव्हा तपासण्या, बायोप्सी, ऑपरेशन हे सगळं महिन्याभरात उरकलं. त्याबद्दल आज लिहीत नाही. गाठ हर-टू पॉझिटिव्ह निघाली, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त होतं, म्हणून उपचार तीन टप्प्यांत ठरले. आधी लाल औषधाचे चार डोस, मग दर आठवड्याला एक असे दुसऱ्या औषधाचे बारा, आणि त्या बारांसोबत सुरू करून पुढे दर तीन आठवड्यांनी हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब, एकूण एक वर्ष. मधे रेडिएशन.

लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते सलाईनच्या बाटलीत लटकवून निघून जात नाहीत. सिस्टर स्टूल घेऊन शेजारी बसतात आणि मोठ्या सिरिंजने हळूहळू नळीत ढकलतात, कारण शिरेबाहेर थेंब गेला तर कातडी जळते. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी सांगितलं होतं, त्याच्याकडे बघू नकोस. मी बघितलं. आगळासारखा गडद लाल रंग, मग नळीत पातळ होत कोकम सरबतासारखा, आणि मनगटापाशी येऊन दिसेनासा. त्या दिवशी लघवीसुद्धा तांबूस होते. दक्षिण इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीत १९५० च्या दशकात लाल रंग सोडणारा एक सूक्ष्मजीव सापडला, त्यातून या औषधांचं घराणं निघालं. डॉक्सोरुबिसिनचं दुसरं नाव ॲड्रियामायसिन, ते तिथल्या ॲड्रियाटिक समुद्रावरून पडलं. हे मला पुण्यात फार्मसी शिकणाऱ्या माझ्या लेकीने सांगितलं, दुसऱ्या डोसच्या दिवशी, माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून.

रेडिएशन एप्रिलमध्ये झालं. डाव्या बाजूला किरण देताना हृदय वाटेत येतं, म्हणून खोल श्वास भरून रोखून धरायला लावतात. छाती फुगली की हृदय छातीच्या भिंतीपासून थोडं मागे सरकतं. ही धडपड उगाच नसते. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये आला होता. हृदयाला सरासरी एक ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं माप) जास्त मिळाला की पुढे हृदयाच्या मोठ्या आजाराचा धोका सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात दिसलं. पंधरा दिवस मी मशीनखाली वीस-वीस सेकंद श्वास धरला. तिथला तंत्रज्ञ मुलगा म्हणायचा, काकू, तुमची रेष हलतच नाही. चाळीस वर्षांचा रियाज अशा जागी कामाला आला म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं.

जूनपासून मात्र काहीतरी बिघडत गेलं. जिना चढून क्लासच्या खोलीत आले की पेटी उघडायच्या आधी बसावं लागायचं. उशी एकाची दोन झाली. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा ठसा पावलावर उमटायचा आणि रात्रीपर्यंत तसाच राहायचा. मी दोनदा सांगितलं, दम लागतो. दोन्ही वेळा उत्तर आलं की केमोनंतर अशक्तपणा असतोच, रक्त थोडं कमी आहे, लोहाची गोळी घ्या. या औषधांचा हृदयावर परिणाम होतो का ते बघायला दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात; तो जुलैच्या डोसआधी व्हायला हवा होता. त्या दिवशी मशीनला नंबर लागला नाही. आधीचे सगळे चांगले आहेत, पुढच्या खेपेला करू, असं म्हणून डोस दिला गेला. कोणत्या दवाखान्यात, कोणी म्हटलं, ते लिहीत नाही. मीही मान डोलावून घरी आले. इको राहिला तर डोसाचं काय, असं एका वाक्यात विचारता आलं असतं. विचारलं नाही, याची खंत मला आजही आहे.

३ जुलैला गुरुपौर्णिमा होती. मुलांनी फुलं आणली, पेढे आणले आणि मी नेहमीसारखी भूपातली बंदिश म्हटली. झाल्यावर आमचा अकरा वर्षांचा एक विद्यार्थी, जो कधी फारसा बोलत नाही, तो म्हणाला, "ताई, तुम्ही आज मधेच श्वास घेतलात. शब्द तुटला." त्याच्या आईने त्याला दटावलं. मी म्हटलं, राहू दे, बरोबर बोलतोय तो. अकरा दिवसांनी, १४ तारखेला पहाटे, तंबोरा लावून घड्याळासमोर बसले. बारा सेकंद. पुन्हा केलं, अकरा. अशक्तपणाने माणूस थकतो, आवाज बारीक होतो. पण माझा आवाज चांगला होता आणि हवाच संपत होती. हे दोन वेगळे आहेत एवढं मला माझ्या धंद्यामुळे कळत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका रात्री दोनला जाग आली ती घुसमटून. आडवी होते तोवर छातीत पाणी भरल्यासारखं, उठून बसले की कमी. खिडकीचे गज धरून उभी राहिले. जंक्शनवर गाडी शंट होत होती, तिचे आवाज ऐकत मी श्वास मोजत होते. यांना उठवलं. त्यांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. अंगठ्याच्या मापाचा खळगा तसाच राहिला. दोघांनी तो बघितला आणि कोणीच काही बोललं नाही.

इको झाला तेव्हा अधिक श्रावण नुकताच लागला होता. इको करणारी मुलगी एरवी गप्पा मारते. त्या दिवशी ती गप्प झाली, एकच जागा तीनदा मोजली आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. तिथे एक आकडा काढतात, इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी शंभरातलं किती एका ठोक्याला बाहेर पडतं, तो. साधारण ५५ च्या वर असेल तर ठीक. माझा केमोआधी ६४ होता. लाल औषध संपल्यावर ६०, एप्रिलमध्ये ५८. त्या दिवशी ४३.

वॉर्डात एक निवासी डॉक्टर होती, लातूरकडची. रात्रीच्या राउंडनंतर ती माझ्या खाटेवर टेकली आणि केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून तिने मला समजावलं. तिचं ते समजावणं मी जन्मात विसरणार नाही. लाल औषध पेशींचा डीएनए तोडतं, गाठीच्या पेशी म्हणूनच मरतात. पण हृदयाच्या स्नायूच्या पेशीही त्याच्या तावडीत सापडतात, आणि त्या मेल्या की त्यांच्या जागी नव्या जवळजवळ येतच नाहीत. ही इजा डोसागणिक साठत जाते. म्हणून या औषधाचा आयुष्यभराचा हिशेब ठेवायचा असतो. अंगाच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, असा. १९७९ मध्ये चार हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून एक आलेख मांडला गेला. एकूण मात्रा ४०० झाली तर शंभरात ३ जणांचं हृदय निकामी होऊ लागलं, ५५० ला ७ जणांचं आणि ७०० ला १८ जणांचं. पुढच्या अभ्यासांत धोका याहून जास्तच निघाला. माझी एकूण मात्रा होती २४०.

"मग माझी तर कमी आहे," मी म्हटलं.

ती म्हणाली, "हो काकू, पण तुमचं दुसरं औषधही आहे ना."

ट्रास्टुझुमॅब गाठीच्या पेशींवरचं हर-टू नावाचं दार बंद करतं. त्या दारातून गाठीला वाढायचा निरोप मिळत असतो. तसलंच दार हृदयाच्या स्नायूवरही असतं, आणि हृदयावर ताण आला की स्वतःला सावरायचा निरोप तिथून जातो. आधीच्या औषधाने दुखापत झालेली असताना हे दार बंद झालं तर हृदय सावरणार कसं? सुरुवातीच्या काळात ही दोन औषधं एकत्र दिली गेली होती. २००१ मध्ये त्या चाचणीचे निकाल छापून आले, तेव्हा एकत्र घेणाऱ्यांपैकी २७ टक्के स्त्रियांच्या हृदयाला त्रास झालेला दिसला. म्हणून आता ती एकामागून एक देतात आणि मधे मधे इको करतात. त्यातली दिलाशाची गोष्ट अशी की ट्रास्टुझुमॅबने आलेली कमजोरी बहुतेक वेळा औषध थांबवलं की भरून येते. त्याने पेशी मरत नाहीत, थकतात.

थांबवायचं. हा शब्द ऐकला आणि मला हृदयापेक्षा गाठीचीच भीती जास्त वाटली. हे औषध मला जगवतंय हे वर्षभर मनावर ठसलेलं. हर-टूच्या गाठी किती उलटतात आणि या औषधाने ते प्रमाण किती खाली आलं, हे लेकीने वाचून दाखवलेलं. आणि आता तेच बंद? डिस्चार्जच्या आदल्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, चार आठवडे थांबू, इको बघू, गरज पडली तर अजून चार. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, मी तोवर हृदय तयार करून देतो. दोघांनी एकमेकांशी बोलावं आणि मी ते ऐकावं, याने मला जेवढा धीर आला तेवढा कुठल्याच गोळीने आला नसेल.

घरी मात्र लोक आले आणि बोलले. इंग्रजी औषधांनी हेच व्हायचं, आता सगळंच सोड, अमक्याचा काढा घे. मी प्रत्येकाला एकच सांगितलं. गाठ मला मारणार होती, तिला या औषधांनी रोखलं. हृदयाचा त्रास डॉक्टरांना माहीत असलेला आहे, त्यावर औषध आहे. हे वाचून कोणी केमो नको म्हणणार असेल तर कृपा करून असं करू नका. आणि स्वतःच्या मनाने डोस चुकवूही नका.

मला लघवीची गोळी आणि हृदयासाठी कार्व्हेडिलॉल आणि एनालाप्रिल सुरू झालं. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, रोज सकाळी वजन. पाच दिवसांत अंगातलं पाणी उतरलं आणि मी एका उशीवर झोपले. तिसऱ्या आठवड्यात घशात खवखव सुरू झाली. सुका ठसका, प्रत्येक आलापाच्या टोकाला. मुलांसमोर तीन स्वर सरळ म्हणता येईनात. मला वाटलं, गाठ फुप्फुसात गेली. दोन रात्री झोपले नाही, यांनाही सांगितलं नाही. शेवटी फोन केला तर डॉक्टर म्हणाले, अहो, हा एनालाप्रिलचा खोकला. काही जणांना होतो. गोळी बदलून लोसार्टन दिलं. खोकला जायला दोन-तीन आठवडे लागले, पण तो गेला.

लवकर सुरू केल्याचा फायदा किती, हे मला पुढे कळलं. मिलानच्या कॅन्सर संस्थेने २०१० मध्ये, लाल औषधांनी हृदय कमजोर झालेल्या २०१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केमो संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत ज्यांना हृदयाची औषधं सुरू झाली, त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांचं हृदय पूर्ववत झालं. सहा महिने उलटून गेल्यावर ज्यांना सुरू झाली, त्यांच्यात पूर्ण बरं झालेलं कोणीच नव्हतं. दम लागतो या दोन शब्दांवर लोहाची गोळी मिळाली की त्यातलेच दिवस खर्च होतात.

ऑगस्टच्या इकोत ४८. १८ सप्टेंबरला, हरतालिकेच्या दिवशी, ५३. दुसऱ्या दिवशी गणपती बसले, आणि मी आरतीला टाळ वाजवत उभी राहिले, बसले नाही. सप्टेंबर संपायच्या आत ट्रास्टुझुमॅब पुन्हा सुरू झालं आणि २०२४ च्या मार्चमध्ये शेवटचा डोस झाला.

आता माझ्या इकोत आणखी एक आकडा लिहिलेला असतो, स्ट्रेन. स्नायू आवळताना किती आखूड होतो, त्याचं ते माप. इजेक्शन फ्रॅक्शन उतरायच्या आधीच हा बिघडू लागतो. मला ते लगेच कळलं, तंबोऱ्यामुळे. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, जरासा सरकला की तार सुरातच असते, पेटीशी ताडून बघा, चूक सापडणार नाही. पण आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारी गुंज, गेलेली असते. आवाज मिटतो. तार उतरेपर्यंत वाट बघणारा माणूस दोरा कधीच वेळेवर सरकवणार नाही. माझ्या एप्रिलच्या ५८ मध्ये तार सुरात होती. जवारीकडे कोणी बघितलं नव्हतं.

आता त्या मुलीबद्दल सांगते, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

डिसेंबर २०२३ मध्ये इकोच्या रांगेत माझ्या शेजारी एक तिशीची मुलगी बसली होती, तासगावकडची, पाचवा महिना. मी माझी फाईल उघडून बसले होते. तिने वाकून बघितलं आणि हळूच विचारलं, "हे लाल सलाईन का?" मग थोड्या वेळाने, इकडेतिकडे बघून, "मला पण होतं. नऊ वर्षांची असताना." रक्ताचा कॅन्सर झाला होता, मुंबईत दोन वर्षं काढली होती, बरी झाली होती. सासरी माहीत नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा आईने सगळे कागद बंबात घातले. आता चालताना धाप लागत होती. घरचे म्हणत होते, पोटुशी बाईला लागतेच. तिने स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना एकटीने गाठून खरं सांगितलं, आणि त्यांनी त्याच दिवशी इकोला पाठवलं.

मी तिचा हात धरून बसले. त्या आईवर रागवायचं म्हटलं तर रागही येईना. मुलीचं लग्न मोडेल या भीतीने जाळलेले ते कागद. पण लहानपणी घेतलेल्या या औषधांची इजा वीस-वीस वर्षांनीही वर येऊ शकते, आणि बाळंतपणात हृदयाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त रक्त फिरवावं लागतं. डॉक्टरांना विचारायचा पहिलाच प्रश्न हा की औषध कोणतं आणि एकूण मात्रा किती, आणि त्याचं उत्तर राख झालेलं. मी तिला म्हटलं, घरचे कागद गेले म्हणजे दवाखान्याचे गेले असं नाही. तुझा जुना केस नंबर कोणाला आठवतो का? तिच्या भावाला आठवला. लहान असताना तोच नंबर पुकारला की धावत जाऊन औषधं आणायचा म्हणे. तो मुंबईला गेला, दोन दिवस रेकॉर्डच्या खिडकीशी उभा राहिला आणि एका पानाची झेरॉक्स घेऊन आला. त्या पानाचा फोटो तिने मला पाठवला. डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन, तारखा, मिलिग्रॅम. कोणा डॉक्टरने वीस वर्षांपूर्वी नीटस अक्षरात लिहून ठेवलेलं.

तिचा इजेक्शन फ्रॅक्शन ५० निघाला होता. गरोदरपणात चालणाऱ्याच गोळ्या द्याव्या लागतात, म्हणजे माझं एनालाप्रिल किंवा लोसार्टन तिला चाललं नसतं. तिला वेगळी औषधं बसवून दर महिन्याला इको केला. नवऱ्याला तिने सातव्या महिन्यात सांगितलं. तो गप्प बसला, मग पुढच्या तपासणीपासून स्वतः गाडीवर घेऊन येऊ लागला.

माझ्या फाईलच्या आतल्या बाजूला मी आता एक जाड कागद चिकटवलाय. त्यावर औषधाचं नाव, एकूण मात्रा, रेडिएशन कोणत्या बाजूला, आणि इकोचे सगळे आकडे तारखेसकट आहेत. त्याची एक प्रत लेकीकडे आणि एक माझ्या पाकिटात. माझा हल्लीचा आकडा ५७ आहे, गोळ्या चालू आहेत. त्या कधी थांबवायच्या का, ते डॉक्टर ठरवतील.

एप्रिल २०२४ मध्ये सकाळी खर्जाला बसले असताना फोन वाजला. तासगावकडून. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. "ताई, ऐका," म्हणून तिने फोन बाळाजवळ धरला. बाळाने टाहो फोडला, लांब, न तुटणारा. माझी नजर भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर गेलेली होती.